खडकांतील घटिकापात्र

संग्रामपूरच्या बाजूला जुनी विहीर उपसतांना जो गाळ वर येतो, तो निरखून पाहणारे फार थोडे. पिवळसर माती, मध्येंच चुनखडीचे खडे, पुन्हा माती. पूर्णा नदीनें हजारों वर्षें हा गाळ आणून टाकला. त्याच्या पोटांतील पाणी खारें, म्हणून या मुलुखाला खारपाण पट्टा म्हणतात. विहिरीच्या कांठावर उभें राहिलें म्हणजे मनांत एक पोरकट इच्छा येते. एखादें जादूचें घड्याळ हातीं असावें, त्याचे कांटे उलटे फिरवावे, आणि हा थर पडला तो दिवस डोळ्यांनीं पाहावा! श्रोतेहो, अशीं घड्याळें आहेत. त्यांत जादू मात्र नाहीं, आणि कधीं कधीं तीं एकमेकांशीं भांडतात. असें एक भांडण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांत लागलें आहे, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

संग्रामपूर घाटाखालीं, तर लोणार घाटावर. दोहोंमध्यें सरळ रेषेनें सुमारें १२० किलोमीटर अंतर. लोणारचें विवर कोणी पाहिलें नाहीं? कांठापासून कांठापर्यंत जवळजवळ पावणेदोन किलोमीटर, खोली सुमारें १५० मीटर, आणि तळाशीं खारें सरोवर. पुराण सांगतें कीं येथें भूमिगत गुहेंत लवणासुर राहत असे; विष्णूनें पायाच्या अंगठ्यानें गुहेचें झांकण उडवून त्याला मारिलें; त्याच्या रक्ताचें पाणी झालें आणि मांसाचा क्षार. १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें स्थळ पाहून त्याची नोंद केली. पुढें दीर्घकाल विद्वानांनीं हें ज्वालामुखीचें मुख मानलें. अमेरिकेंतील गिल्बर्ट यानें १८९६ मध्यें याचें साम्य ॲरिझोनांतील खड्ड्याशीं आहे असें दाखविलें खरें, पण तो खड्डाहि त्याच्या मतें ज्वालामुखीचाच प्रताप होता. अखेर १९७३ मध्यें सरोवराच्या तळाखालीं भोंकें पाडून काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट सांपडलें. हें म्हणजे प्रचंड आघाताच्या दाबानें कांच बनलेलें खनिज. ज्वालामुखींत तसा दाब निर्माण होत नाहीं. तेव्हां आकाशांतून अशनि पडला, हें ठरलें. केव्हां पडला, हा प्रश्न राहिला.

येथें आपल्या जुन्या घटिकापात्राची आठवण करूं. तळाला सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळांत सोडीत. ती भरून बुडाली म्हणजे एक घटका, आजचीं २४ मिनिटें, झाली. लग्नाचा मुहूर्त साधणारा जोशी एक पथ्य कटाक्षानें पाळी. वाटी पुन्हा सोडण्यापूर्वीं ती पूर्ण रिकामी करावयाची. मागल्या घटकेचें चार थेंब जरी आंत राहिले, तरी वाटी लौकर बुडावयाची आणि मुहूर्त चुकावयाचा.

खडकांतील घड्याळ तसेंच चालतें. खडकांतल्या पोटॅशियमपैकीं अणुभार ४० चा जो अल्प अंश असतो, तो आपोआप झिजतो; १२५ कोटी वर्षांनीं निम्मा उरतो. जेवढा झिजतो त्याच्या सुमारें दहाव्या भागाचा आरगॉन वायु होतो आणि घट्ट खडकांत कोंडून राहतो. खडक वितळला कीं वायु निसटतो, म्हणजे वाटी रिकामी होते. थिजला कीं पुन्हा भरूं लागते. अशनीच्या आघातानें लोणारचा खडक जागजागीं वितळला. त्या वितळलेल्या खडकांतला आरगॉन मोजा, कीं आघाताची तिथि हातीं यावी!

पण वाटी पुरती रिकामी झाली होती काय? अशनि ज्या काळ्या खडकावर पडला, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या जुन्या आरगॉनपैकीं शंभरांतला एकच भाग उरला असें धरा; तेवढ्यानें हिशेबांत साडेसहा लाख वर्षांची भर पडते. फ्रेड जूर्दां व त्यांचे सहकारी यांनीं नमुने पायरीपायरीनें तापवून नवा आरगॉन व जुना आरगॉन गणितानें वेगळा केला, आणि २०११ मध्यें ५,७०,००० वर्षें हा आंकडा जाहीर केला. त्यांत ४७,००० वर्षें इकडेतिकडे.

याच्या आधीं, १९९७ मध्यें, सेनगुप्ता, भांडारी व वातानाबे यांनीं निराळें घड्याळ लावलें होतें. खनिजांचे स्फटिक भोंवतालच्या किरणोत्सर्गाची शक्ति सांठवीत जातात व तापविले कीं ती प्रकाशरूपानें सोडतात. त्या प्रकाशावरून काळ काढावयाचा. त्यांचा आंकडा ५२,००० वर्षें! म्हणजे दहापटींहून अधिक अंतर. पहिल्या घड्याळांत मागलें पाणी राहण्याचें भय, तर दुसऱ्याची वाटी गळकी असण्याचें व लौकर तुडुंब भरण्याचें. एकाची चूक वय वाढविते, दुसऱ्याची घटविते. इतर पद्धतींनींहि पन्नास हजारांच्या आंतबाहेरचे आंकडे आले आहेत आणि तंटा मिटलेला नाहीं. माझा स्वतःचा कल जुन्या आंकड्याकडे आहे, कारण शिल्लक राहिलेल्या आरगॉनचा झाडा तेथें उघडपणें दिला आहे. पण निकाल देण्याची घाई मी करणार नाहीं.

या अंतराला महत्त्व कां द्यावें? ५२,००० वर्षांपूर्वीं भारतांत माणसें वावरत होतीं. तो अग्निगोल खरोखरच तेव्हां पडला असेल, तर कोणा आईनें पोराला कवटाळून तो पाहिला असेल. ५,७०,००० वर्षांपूर्वीं आपली मानवजातीच जन्मली नव्हती. दगडी हातकुऱ्हाडी घडविणारे आपले दूरचे पूर्वज मात्र या देशांत होते. लवणासुराची कथा ही त्या उत्पाताचीच स्मृति, असें कांहीं उत्साही मंडळी म्हणतात. मला तें पटत नाहीं. त्या कथेंत आकाशांतून कांहींच पडत नाहीं, आगीचा लोळ नाहीं. उलट झांकण वर उडतें. ती खड्ड्याची आणि खाऱ्या पाण्याची कथा आहे; कांठीं येऊन विस्मित झालेल्या लोकांनीं रचलेली.

एक लहानसें घड्याळ मात्र लोणारांत बिनतक्रार चालतें. सरोवराच्या तळच्या चिखलांत झाडांचा पालापाचोळा गाडला गेला आहे. त्यांतील किरणोत्सर्गी कार्बन ५,७३० वर्षांनीं निम्मा होतो. पन्नास हजारांपलीकडे तो निकामी, पण अलीकडच्या काळाला पुरेसा. सुमारें दहा मीटर चिखलाचा उभा स्तंभ काढून संशोधकांनीं गेल्या अकरा हजार वर्षांचें पाऊसपाणी वाचलें व तें २०१४ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांत दीर्घ अवर्षणाचे दोन काळ दिसतात. पहिला ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वींचा. दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वींचा. गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ चालुक्य-यादवांच्या काळांतलें मानतात, म्हणजे तें या दुसऱ्या काळांत पडतें. ज्या हातांनीं तेथील कोरीव खांब उभे केले, त्या हातांनीं पावसाची वाट किती वेळां पाहिली असेल, तें सरोवराच्या तळाशीं थराथरांनीं लिहून ठेवलेलें आहे.