अकरा दिवसांचा हिशेब : ब्रिटनमधील काही ‘जुने’ सण

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बर्गहेड या गावी ११ जानेवारीच्या संध्याकाळी डांबर व लाकडाचे तुकडे भरलेले अर्धे पिंप पेटवितात आणि ते खांद्यावर घेऊन गावातून मिरवितात. मिरवणूक शेवटी एका टेकडीवर जाते व जळते तुकडे शुभशकुन म्हणून घरोघरी नेले जातात. ब्रिटनच्या सरकारी अथवा धार्मिक दिनदर्शिकेत या तारखेस काहीच महत्त्व नाही. तीच गोष्ट वेल्समधील पेंब्रोकशायर परगण्याच्या ग्वाउन खोऱ्याची. तेथील मुले १३ जानेवारीस दारोदार गाणी म्हणत नववर्षाची ओवाळणी मागतात. १ जानेवारी त्यांच्या लेखी पुरेशी नाही. इंग्लंडात सॉमरसेटमधील कारहॅम्प्टन येथे १७ जानेवारीस सफरचंदाच्या झाडांच्या मुळाशी सफरचंदाची दारू ओतून, बंदुकांचे बार काढून बागेला भरघोस फळ येवो अशी प्रार्थना करतात. प्रवासवर्णनांतून हे दिवस विक्षिप्त चालीरीतींचे नमुने म्हणून येतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या तारखांतील अंकच अधिक बोलके वाटावेत.

या अंकांचे मूळ १७५२ मध्ये आहे. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये सुधारलेली कालगणना कॅथलिक देशांनी लवकर स्वीकारली. प्रोटेस्टंट इंग्लंडने ती पावणेदोनशे वर्षे दूर ठेवली. तोवर जुनी ज्युलियन गणना अकरा दिवस मागे पडली होती. पार्लमेंटच्या कायद्याने २ सप्टेंबर १७५२, बुधवार, याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार, १४ सप्टेंबर मोजण्यात आला.

आपले आयुष्य अकरा दिवसांनी तोडले गेले अशा समजुतीने अडाणी जमावाने दंगे केले, ही कथा पुष्कळ पाठ्यपुस्तकांत होती. तिचा मुख्य आधार म्हणजे विल्यम होगार्थ याचे १७५५ च्या सुमाराचे निवडणुकीचे व्यंगचित्र; त्यात एका फलकावर अकरा दिवस परत मागितलेले आहेत. पण ते चित्र १७५४ च्या ऑक्सफर्डशायरमधील निवडणुकीची थट्टा करणारे आहे, वृत्तांत नव्हे. रॉबर्ट पूल यांनी १९९५ मध्ये या प्रश्नाची साधनांच्या आधारे छाननी केली आणि दंग्यांना समकालीन पुरावा नाही असे दाखवून दिले. व्यंगचित्राला दस्तऐवज समजण्याची ही चूक इतकी दीर्घायुषी ठरावी, याचे कारण जनसामान्यांना मूर्ख ठरविणे विद्वानांस नेहमीच सोयीचे जाते, हे असावे.

वस्तुतः गोंधळाची बीजे कायद्यातच होती. खंड व इतर देणी मुदतीआधी द्यावी लागू नयेत म्हणून त्यांच्या मुदती जुन्या हिशेबाने, म्हणजे अकरा दिवस पुढे राखल्या होत्या. ठरावीक तारखांच्या जत्रा आणि गावाच्या सामाईक कुरणांचे खुले होण्याचे दिवसही तसेच. चर्चचे सण मात्र नव्या तारखांवर गेले. ज्याची जत्रा जुन्या दिवशी आणि नाताळ नव्या दिवशी, त्या शेतकऱ्याने जुना नाताळ सोडू नये यात नवल काय? बकिंगहॅमशायरमधील क्वेंटन या गावची हकिकत ‘जंटलमन्स मॅगझीन’ मासिकाने १७५३ च्या आरंभी छापली. नाताळच्या पूर्वसंध्येस फुलतो अशी ख्याती असलेला काटेरी वृक्ष पाहण्यास २४ डिसेंबर १७५२ च्या रात्री दोन हजारांहून अधिक लोक दिवे घेऊन जमले. वृक्ष फुलला नाही, आणि त्यांनी नवा नाताळ मानण्याचे नाकारले. हा दंगा नव्हे. लोकांनी आपल्या परीने प्रमाण मागितले होते.

आता अंकांकडे वळावे. ज्युलियन गणनेत प्रत्येक चौथे वर्ष लीप असते; ग्रेगरीय गणनेत शतकाचे वर्ष ४०० ने विभाज्य नसेल तर नसते. म्हणून दोहोंतील अंतर १८०० मध्ये बारा, १९०० मध्ये तेरा दिवसांचे झाले. बर्गहेडची ११ जानेवारी म्हणजे ३१ डिसेंबर अधिक अकरा. कारहॅम्प्टनची १७ म्हणजे ६ जानेवारी अधिक अकरा. या दोन्ही ठिकाणी मोजणी १७५२ च्या अंतरावरच थिजली. ग्वाउनची १३ मात्र १ जानेवारी अधिक बारा होय. शेटलंडमधील फूला बेटावर नाताळ ६ जानेवारीस व नववर्ष १३ जानेवारीस पाळतात. तेथेही अंतर बाराच. म्हणजे १८०० नंतर तेथे कोणीतरी हिशेब सुधारून घेतला असला पाहिजे. छापील पंचांगांतून जुन्या सणांचे दिवस नव्या तारखांसह दिले जात, त्यांचा येथे वाटा असणे संभवनीय आहे.

तथापि या अनुमानावर फार भार टाकू नये. वेल्समध्येच ल्लान्दिसिल येथील जुन्या नववर्षाचा मेळावा १८३३ पासून १२ जानेवारीशी निगडित आहे, म्हणजे अकरा दिवसांचा. एकाच प्रदेशात दोन हिशेब नांदत होते. अंतर कोठे थिजले हे स्थानिक चर्च, पंचांग आणि शेजारगावाशी असलेली चढाओढ यांवर अवलंबून असणार. बर्गहेडला तर ११ जानेवारी रविवारी आली तर मिरवणूक आदल्या दिवशी काढतात. गणना केव्हाच संपली आहे, तारीख उरली आहे.

स्वित्झर्लंडच्या अपेनझेल आउसरोडन या प्रोटेस्टंट कँटनमधील उरनेश गावी, जेथे १७९८ पर्यंत जुनी कालगणना चालू होती, मुखवटेधारी तरुण घंटा बांधून शेतघरांपुढे गातात, ते १३ जानेवारीस : ३१ डिसेंबर अधिक तेरा. येथे हिशेब १९०० च्या पलीकडे आलेला दिसतो. महाराष्ट्रातील वाचकास यावरून टिळक पंचांगाची आठवण होईल. ते मानणाऱ्या घरांत मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, तर शेजारी १४ किंवा १५ तारखेस. परंतु तेथे वाद अयनांशाचा, म्हणजे आरंभबिंदू कोठे धरावा याचा आहे, आणि दोन्ही पक्षांचे गणित दर वर्षी नव्याने होते. ग्वाउनच्या खोऱ्यात गणित कोणी करीत नाही.

ज्युलियन गणना धर्मकार्यात अद्याप जिवंत ठेवणाऱ्या रशियन चर्चचा नाताळ ७ जानेवारीस येतो. २१०० हे वर्ष ग्रेगरीय गणनेत लीप नसल्यामुळे २१०१ पासून तो ८ जानेवारीस सरकेल. बर्गहेडचे पिंप मात्र ११ तारखेसच पेटेल.