शुश्रूषा : व्रत आणि व्यवसाय



ज्युबिलीच्या स्मरणिकेत मंदिराच्या पायाभरणीचा व पूर्वीच्या धर्मगुरूंचा वृत्तान्त यावा हे योग्यच होय. परंतु आपल्या घराघरांतून ज्या मुली परिचारिका होऊन रुग्णालयांत गेल्या, त्यांच्या व्यवसायाचाही इतिहास आपणांस ठाऊक असावा, म्हणून हा अल्प लेख लिहीत आहे.

मी नुकताच धर्मगुरू झालो होतो त्या वेळची गोष्ट. एक माऊली आपल्या मुलीस घेऊन माझ्याकडे आली व म्हणाली, "फादर, ही नर्सिंगला जायचे म्हणते. चांगल्या घरची पोर परक्यांचे मलमूत्र काढायला धाडायची काय?" मी तिला आपल्या संतांची उदाहरणे सांगितली, आणि मुलगी गेली. मी सांगितले ते खोटे नव्हते, परंतु ते अपुरे होते, हे मला पुढे कळून आले.

रुग्णसेवेस ख्रिस्तसभेने आरंभापासून मान दिला आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस फाबिओला नामक रोमन कुलीन स्त्रीने आपले द्रव्य खर्चून रोम शहरात रुग्णालय उघडले व स्वतःच्या हातांनी रोग्यांच्या जखमा धुतल्या. सोळाव्या शतकात संत कमिलस ह्या एके काळच्या शिपायाने रोग्यांच्या सेवेसाठी पुरुषांचा संघ स्थापिला. १६३३ साली संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईज द मारियाक ह्यांनी पॅरिस येथे दयाकन्यांचा संघ उभारला. त्या काळी व्रतस्थ स्त्रियांनी मठाच्या भिंतीआड राहावे असा दंडक असता, ह्या भगिनी गरिबांच्या झोपड्यांतून व रुग्णालयांतून वावरू लागल्या.

तथापि केवळ दयेने रोगी बरा होत नाही. दयेला ज्ञानाची व शिस्तीची जोड लागते. हे जगास पटवून देण्याचे श्रेय पुष्कळ अंशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या इंग्रज बाईंकडे जाते. त्या प्रॉटेस्टंट होत्या. १८५१ साली त्यांनी जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे शिक्षण घेतले. पुढे १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. त्या ३८ जणींत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्वच्छता, खेळती हवा, वेळेवर अन्न व मृत्यूंच्या आकड्यांची काटेकोर नोंद ह्यांवर बाईंचा सारा भर होता. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने शिक्षणशाळा निघाली, आणि परिचारिका ही मोलकरीण नसून शिकलेली स्त्री होय, ही कल्पना रुजली.

आपल्या देशात १८७१ साली मद्रासच्या सरकारी रुग्णालयात परिचर्येची शाळा सुरू झाली. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. तेथे १८९१ साली शिक्षणासाठी आलेल्या काशीबाई गणपत ह्यांचे नाव पहिल्या हिंदी परिचारिका म्हणून सांगितले जाते. पुढे प्लेगची साथ आली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या पुत्राच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत असता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. शुश्रूषेचे व्रत कोणा एका धर्माची मिरास नव्हे, हे त्या माऊलीने प्राण वेचून दाखविले.

ख्रिस्तसभेलाही ह्या बाबतीत काळाबरोबर शिकावे लागले, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. धर्मभगिनींनी सुईणीचे काम करू नये व वैद्यकीचा धंदा चालवू नये, असा निर्बंध दीर्घकाळ होता. रावळपिंडी येथे काम केलेल्या डॉक्टर अ‍ॅना डेंगेल ह्यांनी पाहिले की, पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत. त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने आज्ञापत्र काढून तो मार्ग मोकळा केला. त्याच सुमारास सरकारी कायदाही पुढे सरकत होता. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका व सुईणी ह्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, १९४६ साली दिल्ली व वेल्लूर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. व्रताला सनदेची जोड मिळाली.

सनद आली म्हणून व्रत लोपले काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे पाहावे. तेथील परिचारिका अरुणा शानभाग ह्यांच्यावर १९७३ साली क्रूर हल्ला झाला व त्यांची शुद्ध कायमची हरपली. त्यांच्या सहकारी भगिनींनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर पुढच्या पिढीच्या भगिनींनी, १८ मे २०१५ रोजी त्यांचा देह पडेपर्यंत सुमारे ४२ वर्षे त्यांस भरविले, न्हाऊ घातले, कूस पालटली. २०११ साली त्यांच्या जीवनान्ताचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ह्याच परिचारिका त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्या सर्व पगारी नोकर होत्या. त्यांच्या पगाराने त्यांच्या दयेस उणेपणा आणला नाही.

आता हा व्यवसाय झपाट्याने पालटत आहे. पुरुषही त्यात येत आहेत, यंत्रे वाढली आहेत, शिकलेल्या मुली परदेशी जात आहेत. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगात ५९ लाख परिचारिकांची उणीव असल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी कोरोनाच्या साथीत ती उणीव प्रत्येक घरास जाणवली. २०२३ साली आपल्या संसदेने परिचर्येविषयी नवा कायदाही केला. परंतु वेतनाचे दुखणे जुनेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने, लहानात लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावे, अशी शिफारस केली. शिफारस करावी लागली, ह्यातच सारे आले.

ती आरंभीची मुलगी गतवर्षी मला भेटली. तिचे केस आता पिकू लागले आहेत. एका खासगी रुग्णालयात तिने बारा तासांच्या पाळीबद्दल व तुटपुंज्या पगाराबद्दल विनंती केली, तेव्हा तिला उत्तर मिळाले, "बाई, ही तर सेवा आहे, सेवेत पैशाचा हिशोब कसला?" ते ऐकून मी लज्जित झालो, कारण संतांची हीच उदाहरणे मी तिला दिली होती. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली, म्हणजे काशीबाई कामा रुग्णालयात आल्या त्याच वर्षी, 'रेरूम नोव्हारूम' ह्या परिपत्रकाने श्रमिकास न्याय्य वेतन देणे हे कर्तव्य ठरविले. सेवेचे पवित्र नाव पुढे करून कोणाची मजुरी बुडविणे हे त्या नावाचा अपमान करणे होय.

म्हणून धर्मग्रामस्थहो, आपल्या मुली व मुलगे ह्या व्यवसायात जाऊ पाहतील तर त्यांस अवश्य आशीर्वाद द्या. परंतु त्यांच्या कष्टांचे मोल कोणी नाकारील तर, "देव पाहून घेईल," एवढे बोलून स्वस्थ बसू नका. आपल्यापैकी जे रुग्णालयांचे चालक व विश्वस्त आहेत, त्यांनी प्रथम आपल्या पगारपत्रकाकडे पाहावे. रात्री दोन वाजता आपल्या उशाशी जी जागी असते, तिच्या घरची चूल पेटती राहावी, ह्याची काळजी वाहणे हीसुद्धा रुग्णसेवाच आहे.