मांडवीची पिसू

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू दोनच वर्षांपूर्वी यर्सिन यांना हाँगकाँगमध्ये सापडला होता. गुन्हेगार सापडला, आता पारिपत्यच काय ते उरले, अशा थाटात सरकारने घरझडत्या आणि फिनेलचा मारा आरंभिला. रोग हटला नाही. बोल मात्र गरिबांस लागला : हे लोक घाणेरडे, म्हणून मरतात! पण तेच लोक गावोगाव पळाले, तेव्हा १८९७ मध्ये गिरणीमालक नाक्यानाक्यावर रोजाचा भाव चढवून माणसे धरू लागले, हेही इतिहासात नमूद आहे.

१८९८ साली सिमों या फ्रेंच डॉक्टरने पिसवेवर बोट ठेवले; त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन मंडळाने मुंबईत प्रयोग मांडले. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवले. उघड्या पिंजऱ्यातले मेले. पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीतले जगले. हवा एकच, खोली एकच! उंदीर मेला की त्याची पिसू दुसरी ऊब शोधते. उंदीर कोठे? धान्याच्या गोदामांत आणि त्यांना लागून असलेल्या चाळींत. आपल्या दोंडाईच्याच्या बाजारात पोत्यांची थप्पी लावणाऱ्या हमालास हे समजावून सांगावे लागणार नाही. रोग हा एकट्या जंतूचा पराक्रम नव्हता. जंतू, पिसू, उंदीर, माणूस आणि त्याची खोली यांची ती साखळी होती.

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचे आठवडेवार आकडे घेऊन कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली साथीचे गणित मांडले. साथीचा चढउतार त्यांच्या सूत्रात बराचसा बसला. मात्र माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची छाया आहे, हे गृहीत त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले.

हीच दृष्टी आता देहाच्या आत गेली आहे. तिला 'सिस्टिम्स बायॉलॉजी' म्हणतात. रोगट पेशींच्या एकाच नमुन्यात जंतूची कोणती जनुके जागी झाली आणि माणसाची कोणती, हे एकदम वाचतात व संगणकावर त्यांचा मेळ घालतात. प्लेगच्या जंतूचेच पाहा. पिसवेच्या अन्नमार्गात तो थर करून बसतो. मार्ग तुंबला की भुकेली पिसू पुनःपुन्हा चावते आणि जंतू ओकते. माणसाच्या ३७ अंशांच्या उबेत येताच तो आपले वरचे आवरण बदलतो, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना तो लवकर ओळखू येत नाही.