लष्करी मालवाहतूक व रस्ते-नियोजन

सैन्य, शस्त्रास्त्रे व रसद यांची सार्वजनिक रस्त्यांवरून होणारी वाहतूक मोजून तिच्या आधारे रस्ते व पूल यांची रचना ठरविण्याची पद्धत. वाहनांच्या संख्येपेक्षा त्यांचा आसभार, रुंदी आणि ताफ्यातील अंतर यांना तीत अधिक महत्त्व असते.

या दृष्टीने वऱ्हाडातील खामगावचे (बुलढाणा जिल्हा) उदाहरण उद्‌बोधक आहे. कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून हे गाव पुढे आले. जलंब–खामगाव लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला, तरी खेड्यांतील कापूस बैलगाड्यांनीच बाजारात येई. हंगामातील काही महिन्यांत एकवटणाऱ्या अशा वाहतुकीचा ताण वार्षिक सरासरीवरून कळत नाही. लष्करी ताफ्यांचेही तसेच असते.

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) मोटार वाहतूक वाढली. देखभालीअभावी रस्ते खालावले. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांत व संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली. तिने आखलेल्या वीस वर्षांच्या ‘नागपूर योजने’त रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतीय, जिल्हा व ग्रामीण असे वर्गीकरण झाले. दर १०० चौ. किमी. क्षेत्रास १६ किमी. रस्ते हे उद्दिष्ट ठरले. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही खेडे प्रमुख रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा (सु. ८ किमी.) दूर राहू नये, असा संकेतही तीत होता. लांबीचे उद्दिष्ट १९६१ च्या सुमारास साध्य झाले. मात्र त्यांतील बरेच रस्ते कच्चे होते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या (स्था. १९३४) पूल-मानकांतील ‘एए’ वर्गाचा भार लष्करी वाहनांवर आधारलेला असून त्यात ७० टनी रणगाडासदृश वाहन आणि ४० टनी चाकांचे वाहन गृहीत धरतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८–६० मध्ये सैनिकांनी चालविलेल्या मालमोटारींच्या साहाय्याने रस्त्यांची चाचणी झाली. आसभार दुप्पट झाल्यास रस्त्याची हानी सु. सोळापट होते, असे तीवरून अनुमान निघाले. त्यामुळे थोड्या अवजड वाहनांकडे दुर्लक्ष केल्यास रस्ता अकाली निकामी होतो व दुरुस्तीचा भार सर्वसामान्य करदात्यावर पडतो.

खामगाववरून जाणारा धुळे–नागपूर राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्र. ६, २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर ५३) हा अशा राष्ट्रीय जाळ्याचाच भाग होय. सैन्यासाठी भक्कम केलेला पूल शेतमालासही उपयोगी पडतो. परंतु खेड्याला महामार्गाशी जोडणारा रस्ता दुबळा राहिल्यास तो लाभ शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून दोन्ही गरजांचा एकत्र विचार करणे, हे नियोजनाचे मुख्य सूत्र ठरते.