बलुत्याची पायली आणि बाजारचा भाव

महाळुंगे पडवळ हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते हुतात्मा बाबू गेनू सैद यांच्यामुळे. आंबेगाव तालुक्यातील या गावी १९०८ साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले, पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाची मोटार अडविताना तिच्याखाली चिरडले गेले. त्यांच्या बलिदानावर व्याख्याने पुष्कळ झाली आहेत व यापुढेही होतील. मला आज वळावयाचे आहे ते त्यांनी मागे टाकलेल्या मुलुखाकडे. घोड आणि कुकडी या नद्यांच्या काठच्या गावांत लोहार होते, सुतार होते, कुंभार होते. जुन्नरात कागदी होते. धारण वाढली, म्हणजे या माणसांचे काय होत असे? राजांच्या इतिहासात या प्रश्नाला जागा नाही. तथापि गावच्या इतिहासात याहून मोठा प्रश्न क्वचितच सापडेल.

आरंभ फार मागून करू. जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने कोरविलेल्या लेण्याचा व पाण्याच्या टाक्याचा लेख आहे. वेळूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेव ठेवल्याचाही लेख तेथे आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर हिशेबाच्या वहीसारखा स्पष्ट आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, आणि त्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे होते. गुणाकार करून पाहा. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, म्हणजे हिशेब दमडीपर्यंत जुळतो. मला यात विशेष वाटते ते हे, की त्या काळी धनिक आपला पैसा विणकरांकडे ठेवीत होता. एकट्यादुकट्या कोष्ट्याच्या हाती दोन हजार कार्षापण कोणी दिले असते? पत होती ती समुदायाची. सूत महागले, तरी ते आगाऊ भरून ठेवण्यास भांडवल होते. पुढे हजार-दीड हजार वर्षांनी जो कारागीर आपल्याला गावोगाव दिसतो, त्याच्यापाशी ही पत उरलेली नाही. त्याच्यापाशी बलुते आहे.

बलुते म्हणजे काय हे गावाकडच्या मंडळींना सांगावयास नको. शहरवासीयांसाठी थोडक्यात सांगतो. सुतार, लोहार, चांभार, महार ही थोरली कास. कुंभार, न्हावी, परीट, मांग ही मधली. आणि गुरव, भट, मुलाणी, कोळी ही धाकटी. गावोगाव या यादीत फरक पडे. वर्षभर ज्याने त्याने आपले काम करावयाचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन ठरलेले धान्य उचलावयाचे. धान्याइतकीच महत्त्वाची पण सहसा न सांगितली जाणारी गोष्ट ही, की मालही कारागिराचा नसे. फाळासाठी लोखंड कुणब्याने आणावयाचे, बहुधा कोळसाही त्यानेच, आणि भाता ओढावयासही त्यानेच बसावयाचे. सुताराला लाकूड शेतकऱ्याच्या बांधावरचे. कुंभाराला माती गावची, आव्याला लीद आणि पालापाचोळा गावचा.

आता या व्यवस्थेत महागाई शिरणार कोठून? लोखंड महागले तर ते कुणब्याला महागले. ज्वारी महागली तर लोहाराच्या कणगीतली ज्वारीही तितकीच मोलाची झाली. त्याची पायली काही लहान झाली नाही. म्हणजे कच्चा माल आणि पोट, कारागिराला ज्या दोन दारांनी महागाई गाठते, ती दोन्ही दारे बलुत्याने लावून घेतली होती. दुष्काळाचे तिसरे दार मात्र उघडेच होते. पीकच आले नाही, तर खळे नाही आणि बलुतेही नाही.

एवढे ऐकून कोणी जुन्या काळाचे गोडवे गाऊ लागेल, म्हणून येथेच सांगतो: या सुरक्षिततेची किंमत माणसाने आपल्या स्वातंत्र्याने मोजली होती. धंदा जन्माने ठरलेला, गाव सोडावयाची सोय नाही, कामाला वेळेची मर्यादा नाही. महार वतनाखाली किती राबणूक होती, हे डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, तेव्हा चव्हाट्यावर आले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने नाहीशी व्हावयास १९५८ साल उजाडले. ती गेली ते योग्यच झाले. परंतु बंधन सुटले तेव्हा त्याबरोबर धान्याचा आधारही सुटला, आणि त्याच्या जागी दुसरे काही बसविण्याची तसदी कोणी घेतली नाही.

बलुत्याला तडा जावयास मात्र त्यापूर्वीच प्रारंभ झाला होता. १८१८ नंतर इंग्रजी अमलात सारा रोखीत काटेकोर वसूल होऊ लागला. १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यात, नव्या पाहणीची पद्धत बसविली गेली. सारा भरावयाचा तर शेतकऱ्याला खळ्यावरूनच धान्य विकावे लागे. तेव्हा बलुतेदाराची पायली त्याच्या डोळ्यांत सलू लागली. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर आली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस पिकविणारा चार दिवस सुखावला, पण हातमागावर बसणारा मेला. सूत त्याला विकत घ्यावयाचे होते, आणि लुगडे ज्याला विकावयाचे त्याच्या खिशात वाढीव पैसा नव्हता. सावकाराकडून सूत उधारीवर घ्यावे आणि विणलेले कापड त्याच्याच घरी त्याच्याच भावाने घालावे, ही रीत अशाच दिवसांत घट्ट झाली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जे तेवढी राहिली. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. (न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तीही त्याच वर्षी, एकाच जिल्ह्यात एकीकडे कागद जळत होते आणि दुसरीकडे त्याच दुखण्याची चिकित्सा आरंभली जात होती.)

लगेच १८७६-७७ चा दुष्काळ आला. धान्य महागले की लोक प्रथम काय सोडतात? नवे लुगडे, नवे भांडे, नवा जोडा. शेतकरी उपाशी पडतो तो पीक बुडाल्यावर. कारागीर त्याच्याही आधी उपाशी पडतो, कारण त्याचे गिऱ्हाईक आधी बुडते. त्यातच १८७८ चा जंगल कायदा झाला. सह्याद्रीच्या पट्ट्यातील राने राखीव होत गेली, आणि जो कोळसा लोहाराला केवळ श्रमाच्या मोलाने मिळे त्याला परवाना आणि पैसा लागू लागला.

जुन्नरच्या कागद्यांची गोष्ट निराळी आणि अधिक बोलकी आहे. जुन्नरी कागदाचा एके काळी देशावरील दप्तरांत व व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत मोठा मान होता. जुने गोणपाट आणि सुतळी चुन्यात कुजवावयाची, ढेकीखाली कुटावयाची, हौदात कालवून साच्यावर ताव उचलावयाचा, खळ लावून दगडाने घोटावयाचा. काम साऱ्या घराचे. हा कागदी बलुतेदार नव्हता. माल विकत घेणारा आणि माल विकणारा असा तो खरा स्वतंत्र धंदेवाला. म्हणूनच तो प्रथम सापडला. चुना महागला, खळीचे पीठ महागले, घरची भाकरी महागली. पण तावाचा भाव त्याच्या हाती नव्हता. तो ठरत होता विलायती कागदावर, आणि १८८० नंतर मुंढव्यास गिरणी निघाली तेव्हा तिच्या कागदावरही. खर्च एका बाजाराने ठरवावा आणि किंमत दुसऱ्याने, अशा चिमट्यात कौशल्य काय कामाचे? कागद्यांच्या कारागिरीत उणे काहीच नव्हते.

आता पुन्हा मुंबईच्या गिरणीकडे या. पहिल्या महायुद्धात जिनसांचे भाव भडकले, तेव्हा १९१७ पासून गिरणी कामगारांना महागाईचा भत्ता मिळू लागला, आणि १९१९ व १९२० च्या मोठ्या संपांनंतर तो वाढला. १९२१ साली मुंबई सरकारचे कामगार खाते निघाले आणि कामगाराच्या घरखर्चाचा निर्देशांक काढला जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात तर भत्त्याची सांगड या आकड्याशीच घातली गेली. गिरणीतले जिणे सुखाचे होते असे मी म्हणत नाही; चाळीच्या एका खोलीत किती जण निजत हे सर्वांस माहीत आहे. परंतु गिरणी कामगाराला संप करावयास मालक होता. गावच्या लोहाराने संप कोणाविरुद्ध करावा? त्याचा मालक म्हणजे त्याच्याच आळीतला कुणबी, आणि तोही कर्जात. घोडखोऱ्यातून आणि जुन्नरकडून तरुण मुंबईला का गेले, याच्या उत्तरात पावसाबरोबर या भत्त्याचाही थोडा वाटा असावा असे मला वाटते.

१९४१ साली लोखंड-पोलादावर आणि १९४३ साली कापड व सुतावर सरकारी नियंत्रण आले. हेतू चांगला होता. पण नियंत्रित भावाचा माल मिळतो तो नोंद असलेल्याला आणि कचेरीत खेटे घालू शकणाऱ्याला. पाच-दहा शेर लोखंड लागणाऱ्याने ते काळ्या बाजारातच घ्यावयाचे. घाऊक आणि किरकोळ भावांतला हा फरक लहान कारागिरावर कायमचाच बसलेला कर आहे. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ निघाले आणि १९५७ साली त्याचा आयोग झाला. सहकारी संस्थांतून माल एकत्र घ्यावा हा विचार तेथे होता, आणि तो गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीहून फार वेगळा नव्हता. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांच्या कारागिरांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि शेकडा पाच व्याजाने तीन लाखांपर्यंत दोन टप्प्यांत कर्ज आहे. कर्ज मिळते एकेकट्याला. लोखंड घ्यावयाचे ते त्याने एकट्यानेच.

आज खेड्यातील लोहार विळे-कोयते घडवितो ते बहुधा मोडीत निघालेल्या मालमोटारींच्या कमानपाट्यांपासून. मोडीचा भावही आता पोलादाच्या बाजाराबरोबर वरखाली होतो. कोळसा रोखीने, भात्याच्या जागी आलेल्या पंख्याची वीज रोखीने. गिऱ्हाईक मात्र विळा हातात घेऊन आधी विचारते, की कारखान्यातला तयार विळा बाजारात इतक्याला मिळतो, तुझा एवढा का? आणि लोहार धार पुन्हा एकदा अंगठ्याने पाहून दहा रुपये कमी सांगतो.