आजीची हिशेबाची वही

घरातल्या जुन्या बायकांबद्दल बोलताना आपण एक शब्द फार सहज वापरतो. समाधानी. "आजी फार समाधानी होती हो! कधी कशाबद्दल तक्रार नाही." आमच्याही घरात आजीचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी हेच म्हणतात. मग माझ्या पिढीतली एखादी बहीण हमखास म्हणते, "समाधानी नसून करते काय? दुसरा पर्याय होता का तिला?" आणि मग सगळे गप्प.

मला दोन्ही बाजू थोड्या पटतात आणि दोन्ही अपुऱ्या वाटतात. पहिल्या बाजूला वाटतं की स्वयंपाकघरातला आनंद बाईला जन्मतःच मिळतो. दुसऱ्या बाजूला वाटतं की तो आनंद खोटाच. पण आनंदी व्हायला निदान थोडा मोकळा वेळ तर लागतो! आजीला तो कधी मिळाला, कशामुळे मिळाला आणि त्याचं तिने काय केलं, हे बघितलं तर काही हाती लागेल असं मला वाटतं. म्हणून हा सगळा उद्योग.

आजीचा जन्म १९२४ चा. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. लग्न १९४१ साली, सतराव्या वर्षी. शारदा कायदा १९३० पासून लागू झाला होता आणि त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा होतं. म्हणजे आजीचं लग्न तेव्हाच्या मानाने "उशिरा"च म्हणायचं. सासर पुण्यात, नारायण पेठेतल्या एका वाड्यात, तळमजल्यावर दोन खोल्या. आजोबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. घरात सासूबाई, धाकटी नणंद आणि पुढे चार मुलं.

तिच्या दिवसाची सुरुवात पाण्याने व्हायची. वाड्यात सगळ्यांत मिळून एक नळ. तो यायच्या आत हंडे-कळशा रांगेत लावायच्या, बंब पेटवायचा, मग चूल. पिठासाठी पेठेत गिरणी होती, पण सासूबाईंना गिरणीचं पीठ "जळकं" लागायचं, त्यामुळे सणावाराचं दळण जात्यावरच. एका माणसाला पुरेल इतकं पीठ काढायलाही बराच वेळ जातो, इथे तर आठ माणसांचं घर.

जात्याविषयी आपण जरा हळवे होऊन बोलतो, ओव्यांमुळे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हा साठा नुसता चाळला तरी एक गोष्ट लक्षात येते. त्यात माहेरची ओढ, भावाचं कौतुक, तान्ह्या बाळाचं लाड आहे, आणि त्याच तोंडाने सासुरवास, कष्ट, मुलीच्या जन्माचं दुःखही आहे. दोन्ही एकाच जात्यावर. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचंही तसंच. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईने शेतात आणि घरात काम करता करता रचलेली गाणी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर राहिली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. त्या गाण्यांत वैधव्याचं दुःख आहे आणि रोजच्या साध्यासुध्या गोष्टींचा आनंदही आहे. तेव्हा बायकांनी स्वतः मागे ठेवलेला पुरावा "आनंदीआनंद होता" असंही म्हणत नाही आणि "सगळा अंधार होता" असंही म्हणत नाही.

असो. आजीला ओव्या येत होत्या, पण जातं मुळीच आवडत नव्हतं! तिला आवडायचा स्टोव्ह. पंप मारून निळी ज्योत फरफरायला लागली की तिचा चेहरा खुलायचा असं आत्या सांगते. हा प्रायमस स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघाला आणि आपल्याकडे इतका रुळला की कुठल्याही कंपनीच्या स्टोव्हला लोक प्रायमसच म्हणू लागले. चूल एकदा विझवली की पुन्हा पेटवणं म्हणजे सोहळा. स्टोव्ह मात्र मनात आलं की पेटतो. त्यामुळे आजीच्या दिवसात एक नवी गोष्ट आली: दुपारी अडीचचा चहा. सासूबाई वामकुक्षी घेत असायच्या, मुलं शाळेत. आजी आणि तिची नणंद, दोघींपुरता अर्धा-अर्धा कप. दिवसभरात फक्त स्वतःसाठी केलेली ही एकच गोष्ट.

या चहाबरोबर वाचन असायचं. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू केलं. आजोबा छापखान्यातल्या ओळखीने जुने अंक आणायचे. आजी अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचायची आणि वन्सं शेंगा सोलत ऐकायच्या. चौथीत सुटलेली शाळा तिने अशी दुपारच्या अर्ध्या तासांत पुढे नेली.

मग आला रेडिओ, म्हणजे शेजाऱ्यांचा. रेडिओला तेव्हा सरकारी परवाना लागायचा, त्याची वर्षाला फी भरावी लागायची, त्यामुळे वाड्यात एकाच बिऱ्हाडात तो होता. पुणे आकाशवाणी सुरू झाली १९५३ मध्ये आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. वाड्यातल्या बायका त्या बिऱ्हाडाच्या ओसरीवर कामं घेऊन बसायच्या. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी वाती वळतंय. आजी म्हणायची, "त्या वर्षी तांदळात खडा म्हणून सापडला नाही कुणाच्या!"

इथपर्यंत वाचून वाटेल की दिवस हळूहळू सुधारत गेले आणि त्याबरोबर सुख वाढत गेलं. तसं झालं नाही. १२ जुलै १९६१ आला.

पुण्याच्या माणसाला ही तारीख सांगायला नको. पण बाहेरगावच्या आणि नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगतो. त्या दिवशी सकाळी पानशेतचं धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यावर आलं आणि ते जुनं धरणही फुटलं. मुठेचं पाणी लकडी पुलावरून गेलं, नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा या पेठांत शिरलं. दिवसाची वेळ होती म्हणून खूप माणसं पळून वाचली. आजी धाकट्याला कडेवर आणि सासूबाईंना हाताला धरून पर्वतीच्या बाजूला नातलगांकडे गेली. आजोबा संध्याकाळी भेटले, तोवर कोण कुठे आहे काही पत्ता नव्हता. पुढचे दिवस "पुन्हा पाणी येतंय" अशा अफवांनी लोक धावतच होते.

परत आले तेव्हा दोन्ही खोल्या चिखलाने भरलेल्या. वाड्याची मागची भिंत पडलेली. कपडे, धान्य, लग्नातली भांडी, 'स्त्री'चे अंक, स्टोव्ह, सगळं गेलं. जाग्यावर राहिलं ते फक्त जातं आणि पाटा! "जे हवं होतं ते गेलं, नको ते जागच्या जागी," असं आजी पुढे हसून सांगायची. त्या दिवशी हसली नसणार.

या पुरानंतर आजीने एक वही घातली. लांबट, लाल कापडी बांधणीची. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. आधीच्या वह्या असतील तर त्या नदीत गेल्या, त्यामुळे आमच्या घराचा लेखी इतिहास १५ जुलै १९६१ ला सुरू होतो. ही वही आता आत्याकडे आहे. मी ती गेल्या वर्षी पूर्ण वाचली.

पहिली पानं वाचवत नाहीत इतकी साधी आहेत. मेणबत्त्या. काडेपेट्या. फिनेल. विळी एक. पातेली दोन. पोळपाट. पुन्हा फिनेल. रुपये आणि नवे पैसे (दशमान नाणी येऊन चारच वर्षं झाली होती), आणि धान्याचं माप कधी शेरात, कधी किलोत, कारण वजनंही तेव्हा बदलत होती. १९६२ नंतर शेर वहीतून गायबच होतो. जमेच्या बाजूला आजोबांचा पगार, आणि ऑगस्टपासून एक नवी नोंद: "पापड". आजी आणि वन्सं दोघी मिळून लोकांचे पापड लाटून द्यायला लागल्या होत्या. दोनच वर्षांपूर्वी, मार्च १९५९ मध्ये, मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली होती. तेच पुढे लिज्जत झालं. आमच्या आजीचं काही लिज्जत झालं नाही, पण घरच्या कामाचे पैसे तिच्या स्वतःच्या अक्षरात जमेला लागले ते पहिल्यांदा तेव्हा.

महिनाभरात श्रावण लागला. त्या पानावर खर्चाच्या बाजूला तांदूळ, रॉकेल, मीठ, शाळेची पाटी आणि त्याखाली दोन शब्द आहेत: "गजरे २".

मी त्या ओळीवर बराच वेळ थांबलो. घरात धड भिंत नाही, रॉकेल मोजून वापरायचं, आणि गजरे? तेही दोन? आत्याला विचारलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती, तिला नीट आठवतं. म्हणाली, "एक आईला, एक आमच्या आत्याला. चिखलाचा वास जाता जात नव्हता रे. आजी रागावल्या होत्या, म्हणाल्या, ही काय वेळ आहे गजऱ्याची? आई म्हणाली, महिनाभर फिनेलचा वास घेतला, आता पुरे. पापडाच्या पैशातले आहेत."

माझ्या मते "समाधानी" आणि "पर्याय नव्हता" या दोन्ही शब्दांत हा गजरा बसत नाही. तो कुणी तिला आणून दिला नव्हता. परंपरेने सांगितला नव्हता, उलट सासूबाईंचा विरोधच होता. आणि तो एकटीसाठीही नव्हता. समाधानी माणूस आहे त्यात राहतो. आजीने नाही तिथे थोडीशी जागा केली.

पुढची पानं सोपी होत जातात. १९५९ मध्ये आपल्या देशात हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोघांचे कुकर निघाले, पण वहीत "कुकर" उगवतो १९६८ ला. गॅस १९७१ ला. मुंबईत गॅस पन्नाशीच्या दशकातच आला होता, आमच्याकडे यायला इतकी वर्षं. सुमीतचा मिक्सर बाजारात आला १९६३ मध्ये. सीमेन्समधल्या माथुर नावाच्या इंजिनियरने तो घडवला, कारण त्यांच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही! आमच्या वहीत मिक्सर १९७६ ला, आणि त्याच महिन्यात जमेला: "पाटा विकला". शेजारी किंमत आहे आणि किमतीपुढे आजीने चक्क दोन उद्गारचिन्हं काढली आहेत. जातं मात्र कुणी विकत घेतलं नाही.

आणि या प्रत्येक वस्तूनंतर वहीत काहीतरी दुसरंही दिसतं. कुकरनंतर वाचनालयाची वर्गणी सुरू होते आणि शेवटपर्यंत चुकत नाही. गॅसनंतर "क्रोशाचा दोरा". मिक्सरनंतर नातवंडांसाठी "रंगपेटी", "चिक्कीचा गूळ", "भोंडल्याची खिरापत". म्हणजे यंत्रांनी तिला आनंद दिला असं म्हणता येत नाही, त्यांनी तासभर दिला. त्या तासाचं काय करायचं ते तिला आधीपासून ठाऊक होतं, अडीचच्या चहापासून.

हे सगळं गोड वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या वहीत चव्वेचाळीस वर्षांत तिच्या स्वतःच्या औषधाची नोंद मोजून सहा वेळा आहे. ती जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायची ते अखेरपर्यंत. आणि तो तासभर सगळीकडे अजून मिळालेला नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामाला ते करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. घराघरांत मिक्सर असूनही!

आजी २००५ मध्ये गेली. वहीतलं शेवटचं पान त्याच वर्षीच्या फेब्रुवारीचं आहे. अक्षर थरथरलेलं, नोंदी तीनच: दूध, वाचनालय, आणि "गजरे ३". तिसरा कुणाचा ते आत्याला विचारलं नाही. त्या महिन्यात माझी बायको बाळंतपणाहून पहिल्यांदा सासरी आली होती.