ऑनलाइन प्रेमाचं जाळं: रोमान्स स्कॅम कसा ओळखायचा आणि अडकल्यास काय करायचं?

एप्रिल २०२३. मुंबईतल्या ८० वर्षांच्या एका गृहस्थांनी फेसबुकवर एका महिलेला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली. गप्पा सुरू झाल्या, मग व्हॉट्सॲप नंबर दिले-घेतले गेले. पतीपासून वेगळी राहते, मुलं आजारी आहेत, असं सांगून तिने पैसे मागितले. काही दिवसांनी दुसरी महिला बोलू लागली, मग तिसरी, मग चौथी. पहिली महिला वारल्याचं सांगून हॉस्पिटलच्या बिलासाठीही पैसे उकळण्यात आले. साठवलेले पैसे संपल्यावर या गृहस्थांनी सुनेकडून आणि मुलाकडून उसने मागितले, तेव्हा मुलाला संशय आला. तोवर ७३४ व्यवहारांतून सुमारे ९ कोटी रुपये गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला.

हे प्रकरण मुंबईचं आहे, पण फसवणुकीची ही पद्धत नाशिकसह कुठल्याही शहरातल्या मोबाइलवर येऊ शकते. म्हणूनच ती नेमकी कशी चालते, हे समजून घेऊ या.

रोमान्स स्कॅम म्हणजे काय?

खोटी ओळख घेऊन समोरच्या व्यक्तीशी प्रेमाचं, मैत्रीचं किंवा लग्नाचं नातं जोडायचं आणि त्या विश्वासावर पैसे, माहिती किंवा खासगी फोटो काढून घ्यायचे, याला रोमान्स स्कॅम म्हणतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, डेटिंग ॲप, विवाहविषयक संकेतस्थळं, अगदी ऑनलाइन गेमचा चॅट बॉक्स, यांपैकी कुठूनही त्याची सुरुवात होऊ शकते.

यात फसणारे लोक अडाणी किंवा भोळे असतात, हा मोठा गैरसमज आहे. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात उघड झालेल्या प्रकरणात खासगी कंपनीत मोठ्या पदावर काम करणाऱ्या ६० वर्षांच्या महिलेने २०७ व्यवहारांत, २७ वेगवेगळ्या खात्यांत मिळून सुमारे ३ कोटी ९८ लाख रुपये भरले होते. ब्रिटनमधल्या कथित मित्राने वाढदिवसाला आयफोन पाठवल्याचं सांगितलं होतं आणि तो सोडवण्यासाठी 'कस्टम'चे फोन येऊ लागले होते.

फसवणूक कशी पुढे सरकते?

पहिला टप्पा ओळखीचा. प्रोफाइल आकर्षक असतं: परदेशातले डॉक्टर, जहाजावरचे इंजिनिअर, लष्करी अधिकारी, विधुर किंवा घटस्फोटित उद्योजक. या सगळ्या ओळखींमध्ये एक सोय असते. माणूस लांब आहे, त्यामुळे प्रत्यक्ष भेट शक्य नाही आणि कुणाला त्याचं आश्चर्यही वाटत नाही.

दुसरा टप्पा जवळीक वाढवण्याचा. सकाळी 'उठलीस का?', दुपारी 'जेवलात का?', रात्री उशिरापर्यंत चॅट. मुलं पुण्याला किंवा परदेशात, जोडीदार गेलेला, घरात बोलायला कुणी नाही, अशा माणसाला ही विचारपूस औषधासारखी वाटते. याच काळात तुमचा पगार, घर, एफडी, विमा, नातेवाईक अशी सगळी माहिती समोरच्याकडे गेलेली असते.

तिसरा टप्पा तोडण्याचा. 'आपलं नातं सध्या कुणाला सांगू नकोस, लोक समजून घेणार नाहीत,' असं सांगितलं जातं. ज्या माणसांनी सावध केलं असतं, त्यांनाच बाजूला केलं जातं.

चौथा टप्पा पैशांचा. पहिली मागणी छोटी असते आणि कधी ती परतही केली जाते. नंतर रक्कम वाढत जाते. इथे माणूस थांबत नाही, कारण आता थांबलो तर आधीचे सगळे पैसे बुडाले, हे मान्य करावं लागतं. ७३४ व्यवहार होतात ते असे.

नेहमी दिसणारे पाच प्रकार

गिफ्ट आणि कस्टम: परदेशातून पार्सल पाठवल्याचं सांगितलं जातं. मग दिल्ली किंवा मुंबई विमानतळावरून 'कस्टम अधिकारी' फोन करून शुल्क, दंड, मनी लाँडरिंगची केस टाळण्याची रक्कम मागतात. खरा सीमाशुल्क विभाग कुणाच्याही वैयक्तिक बँक खात्यात पैसे भरायला सांगत नाही. विभागाच्या अधिकृत पत्रावर डीआयएन हा क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

लग्नाचं आमिष: विवाहविषयक संकेतस्थळावर स्थळ येतं, घरच्यांशीही फोनवर बोलणं होतं. मग भारतात येताना अडकलो, खातं गोठलं, आईचं ऑपरेशन आहे, अशी कारणं सुरू होतात. अशा संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, पण समोरच्याची खरी पडताळणी शेवटी कुटुंबालाच करावी लागते.

गुंतवणूक: इथे 'प्रियकर' किंवा 'मैत्रीण' पैसे मागतच नाही. ती स्वतःचा नफा दाखवते आणि क्रिप्टो किंवा शेअर ट्रेडिंगचं ॲप डाउनलोड करायला लावते. ॲपवर फुगलेला नफा दिसतो, सुरुवातीला थोडे पैसे काढताही येतात. मोठी रक्कम काढायला गेलं की 'आधी कर भरा' असा निरोप येतो. डुकराला खाऊ घालून पुष्ट करायचं आणि मग कापायचं, या अर्थाच्या चिनी शब्दावरून जगभर याला 'पिग बुचरिंग' म्हणतात.

व्हिडिओ कॉल: अनोळखी महिलेचा व्हिडिओ कॉल येतो, समोर नग्न दृश्य असतं, स्क्रीन रेकॉर्ड होते. मग तो व्हिडिओ नातेवाइकांना पाठवण्याची धमकी आणि पैशांची मागणी. पुढे 'पोलीस' किंवा 'यूट्यूब अधिकारी' असल्याचं सांगूनही फोन येतात. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते.

हनीट्रॅप: इथे पैशांऐवजी माहिती हवी असते. पुण्यात डीआरडीओच्या प्रयोगशाळेचं संचालकपद सांभाळलेल्या शास्त्रज्ञाला राज्याच्या एटीएसने मे २०२३ मध्ये अटक केली. 'झारा दासगुप्ता' या नावाने संपर्क साधणाऱ्या पाकिस्तानी हेराला संरक्षणविषयक माहिती दिल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. ओझरचा एचएएलचा कारखाना, देवळालीचं तोफखाना प्रशिक्षण केंद्र आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी हा प्रकार विशेष लक्षात ठेवायला हवा.

समोर नेमकं कोण असतं?

प्रोफाइलवरचा चेहरा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा चोरलेला फोटो असतो. बोलणारी व्यक्तीही रोज तीच असेल असं नाही. म्यानमार आणि कंबोडियात अशा फसवणुकीची बंदिस्त केंद्रं चालतात. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना तिथे डांबून हे काम करायला लावलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा केंद्रांत अडकलेले होते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने थायलंडमार्गे ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं.

धोक्याच्या खुणा

• ओळख होऊन थोडेच दिवस झालेत आणि प्रेमाच्या, लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत.
• ॲपवरचं बोलणं लगेच व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर नेण्याचा आग्रह होतो.
• भेट ठरते आणि दर वेळी ऐनवेळी मोडते.
• व्हिडिओ कॉल टाळला जातो किंवा कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं जातं.
• हे नातं घरात सांगू नका, असा आग्रह असतो.
• पैसे दर वेळी वेगळ्याच नावाच्या खात्यात मागितले जातात.
• संकट नेहमी तातडीचं असतं. आज रात्रीच पैसे हवे असतात.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे समोरचा ठग आहेच, असं नाही. पण न भेटलेल्या माणसाने पैसे मागितले, तर बाकी काहीही तपासायची गरज नाही. तिथेच थांबायचं.

पडताळणी कशी करायची?

प्रोफाइलचा फोटो गूगल लेन्सवर टाकून पाहा. तोच चेहरा वेगळ्या नावाने दिसला, तर उत्तर मिळालं. व्हिडिओ कॉलवर समोरच्याला मान वळवायला, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. अर्थात, आता चेहरा बदलणारं तंत्रज्ञान सुधारत चाललं आहे, त्यामुळे व्हिडिओ कॉल झाला म्हणजे माणूस खरा, असं धरून चालू नका.

नोकरी सांगितली असेल तर त्या कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करा, समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर नको. स्थळ असेल तर गाव, नातेवाईक, कामाचं ठिकाण यांची प्रत्यक्ष चौकशी करा. मुलगी देताना-करताना आपल्याकडे जशी चौकशी होते, तशीच. गुंतवणूक सुचवली असेल तर ब्रोकर किंवा सल्लागाराची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर पाहा. आणि सगळं चॅट विश्वासातल्या एका माणसाला वाचायला द्या. जे आपल्याला दिसत नाही, ते तिसऱ्याला पाच मिनिटांत दिसतं.

आणखी एक गोष्ट: ऑनलाइन मित्राला पैसे स्वीकारण्यासाठी आपलं बँक खातं किंवा सिमकार्ड वापरू देऊ नका. दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरले, तर खातं गोठतं आणि पोलीस आधी तुमच्याच दारात येतात.

फसवणूक झाली असेल तर?

१. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची हेल्पलाइन आहे. तक्रार लवकर नोंदली गेली तर पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी बँकेला ते रोखून धरता येतात. इथे तास महत्त्वाचे असतात.

२. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

३. आपल्या बँकेला कळवा आणि कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय बंद करून घ्या.

४. चॅट डिलीट करू नका. प्रोफाइलची लिंक, मोबाइल क्रमांक, खाते क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि स्क्रीनशॉट साठवा, मगच ब्लॉक करा.

५. पोलीस ठाण्यात जा. नाशिक शहर आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण पोलीस, या दोन्हींची स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत. पंचवटी, सातपूर, नाशिकरोड हे भाग शहर पोलिसांकडे, तर निफाड, सिन्नर, येवला, मालेगाव हे ग्रामीण पोलिसांकडे येतात. हद्दीचा घोळ वाटला तरी अडून राहू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी तक्रार घेता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात.

६. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर पैसे देऊ नका. 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवा फोटो अपलोड न करता त्याचा डिजिटल ठसा तयार करते आणि तिच्याशी जोडलेल्या समाजमाध्यमांवर तो फोटो रोखण्यास मदत करते.

पैसे परत मिळतात का?

रोखून धरलेली रक्कम परत मिळू शकते, त्यासाठी अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. पुढे निघून गेलेली रक्कम परत मिळणं मात्र अवघड असतं. बँकेकडून भरपाईची आशाही कमीच. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं संरक्षण ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होतं आणि रोमान्स स्कॅममध्ये पैसे ग्राहक स्वतःच पाठवतो. 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो' म्हणणारे फोनही पुढे येतात. ती बहुधा त्याच टोळीची दुसरी फेरी असते.

गुन्हेगारांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा, कलम ३१९ खाली तोतयेगिरीचा आणि धमकी असेल तर कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा लागू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

घरच्यांनी काय करावं?

वडील किंवा मावशी कुणाशी तरी सतत चॅट करत आहेत, अचानक एफडी मोडली, उसने पैसे मागू लागले, तर रागावू नका. 'या वयात हे काय?' हे वाक्य ऐकलं की माणूस गप्प होतो, आणि ठगाला तेच हवं असतं. आधी पैसे थांबवा, सोबत बसून १९३० ला फोन लावा. समोरची व्यक्ती खोटी असली तरी त्यांची भावना खरी होती, त्यामुळे त्यांचं दुःखही खरं असतं. मन फार खचलं असेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

तक्रार करायला लाज वाटणं स्वाभाविक आहे. पण तक्रारीतला प्रत्येक खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक पोलिसांच्या नोंदीत जातो, आणि त्याच खात्यावर उद्या पैसे पाठवणारी दुसरी व्यक्ती त्यामुळे वाचू शकते.